उलार

मी बांधायला घेतलेली होडी अखेर तयार झाली होती. बारा फुटांची, प्लायवूडची, रंगाचे तीन हात दिलेली, गॅरेजात दोन लाकडी घोड्यांवर पालथी. तिच्याभोवती एक चक्कर मारून बायकोने विचारलं, “अहो, पण ही पाण्यापर्यंत जाणार कशी?” होडी बांधायला घेणाऱ्या माणसाला हा प्रश्न शेवटी पडतो. मला तर तो दुसऱ्याने पाडावा लागला.

कोकणात हा प्रश्नच नाही. होडी किनाऱ्यावरच राहते. पावसाळ्यात तिला वर ओढून झापांनी शाकारतात आणि नारळी पौर्णिमा झाली की ओंडक्यांवरून, दहावीस माणसांच्या जोरावर, पुन्हा पाण्यात लोटतात. मी राहतो त्या मिशिगनमध्ये लहानमोठे ११,००० हून अधिक तलाव आहेत खरे, पण तलावाकाठी घर घ्यायची ऐपत सगळ्यांची नसते. आमची होडी राहते गॅरेजात, पाणी वीस मैलांवर, आणि लोटायला माणसं दोन, त्यातल्या एकाची कंबर धरलेली. तेव्हा ट्रेलर आलाच.

तयार ट्रेलर दुकानात मिळतो. सुट्या भागांचा संचही मिळतो आणि तो स्वस्त पडतो. शिवाय ज्याने होडी स्वतःच्या हाताने बांधली त्याला गाडा दुसऱ्याकडून बांधून घेणं कमीपणाचं वाटतं, हे खरं कारण. मी संच आणला. दोन लांब खोकी, दोन चाकं आणि नटबोल्टांची एक पिशवी, जी उचलतानाच कळलं की आज रात्रीचं जेवण उशिरा होणार.

भाग फरशीवर ओळीने मांडले तेव्हा एकदम ओळखीचं काही दिसलं. मधोमध आस, दोन टोकांना तुंबे, तुंब्यांवर चाकं, वर आडव्याउभ्या पट्ट्यांचा साटा आणि पुढे लांब दांडी. बैलगाडीच की! जू असायचं तिथे एक लोखंडी वाटी, आणि बैलांच्या जागी कारच्या पाठीला लावलेला मुठीएवढा गोळा, ज्यावर ती वाटी बसते. धावेच्या जागी रबराचा टायर, आणि आस व साटा यांच्या मधे कमानीसारखे वाकवलेले पाटे, जे आमच्या गावच्या गाडीला नव्हते. बाकी फरक काही नाही. आमच्या तात्यांना, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावांना, ही मांडणी दाखवली असती तर कागदावरचं एकही चित्र न पाहता त्यांनी ती जोडली असती, आणि मी पुढे केलेली चूकही केली नसती.

जोडणी सुरू होते सांगाड्यापासून. इथे एकच पथ्य: सगळे बोल्ट आधी बोटांनी लावायचे, पान्याला हात लावायचा नाही. पहिला बोल्ट करकचून आवळला की दुसऱ्या टोकाची भोकं जुळत नाहीत. मग माणूस हातोडी शोधतो आणि तिथून कामाची उतरण सुरू होते. सगळे बोल्ट सैलसर बसले की टेप घेऊन दोन्ही कर्ण मोजायचे. गवंडी घराचा पाया आखताना हेच करतो. समोरासमोरच्या बाजू सारख्या असल्या तरी चौकोन तिरका असू शकतो. कर्ण सारखे आले तरच कोपरे गुण्यात आहेत. माझे पहिल्यांदा दीड सेंटिमीटरने कमीजास्त आले. सांगाडा एका कोपऱ्यातून गुडघ्याने रेटला, पुन्हा मोजला, पुन्हा रेटला.

कर्ण जुळले तरी आस सरळ आहे असं समजू नये. पुढच्या वाटीच्या मध्यापासून एक न ताणणारी दोरी किंवा तार घेऊन आसाच्या डाव्या टोकापर्यंत मोजावं, मग उजव्या. दोन्ही अंतरं एक असायला हवीत. ती नसली तर ट्रेलर रस्त्यावर खेकड्यासारखा, किंचित तिरका चालतो. चालवणाऱ्याला काही जाणवत नाही, पण एका मोसमात टायरची एक कड खाऊन जाते. हे सगळं झालं की मगच पाना. नट साधे नसतात. बाहेरच्या तोंडाशी नायलॉनचं कडं असतं, ते बोल्टच्या आट्यांना घट्ट धरून ठेवतं. रस्त्याच्या कंपनाने साधा नट हळूहळू सैल होतो, हा तसा होत नाही. पण ते नायलॉन दरवेळी थोडं कापलं जातं, म्हणून काढून काढून तोच नट वापरू नये.

संध्याकाळी सहा वाजता ट्रेलर स्वतःच्या चाकांवर उभा होता आणि पिशवीत चार बोल्ट उरले होते. बायको म्हणाली, “जास्तीचे दिले असतील.” तिचा भाबडेपणा मला फार आवडतो. दोन बोल्ट खरंच जास्तीचे होते. दोन चिखलरोधकाचे होते, जो मी लावायचाच विसरलो होतो.

आता वजन.

होडीचं मागचं फळकूट, ज्यावर मोटर टांगतात, ते नेहमी खालच्या आधारपट्ट्यांच्या टोकावर नीट टेकलं पाहिजे. पट्ट्या म्हणजे लांब लाकडी फळ्या, वर बाहेर वापरायचा गालिचा चढवलेला, होडीच्या पोटाला समांतर. सगळ्यात जड वस्तू मोटर. ती पट्ट्यांच्या मागे अधांतरी राहिली तर काही महिन्यांत होडीचा तळ तिथून वाकतो, आणि वाकलेल्या तळाची होडी पाण्यात नाक खुपसत चालते. म्हणजे होडीची जागा मागून ठरली. ती ठरली की पुढचा खांब, ज्याला दोरपट्ट्याचं चक्र असतं, नाकाशी टेकेल असा बसवायचा. मग उरतं ते चाकांचं ठिकाण. बऱ्याच संचांत आस सांगाड्याला यू-बोल्टांनी जखडलेला असतो, म्हणजे तो पुढेमागे सरकवता येतो. मला ते निव्वळ कारखान्याच्या सोयीचं वाटलं. चित्रात दाखवलं होतं तिथे मी आस आवळून टाकला.

पहिल्या रविवारी निघालो. होडीत मागच्या बाजूला मोटर, पेट्रोलची टाकी, नांगर आणि, जागा रिकामी दिसली म्हणून, जेवणाच्या डब्यांची बर्फाची पेटी. गावातल्या रस्त्यांवर सगळं गोड होतं. हमरस्त्यावर ताशी ऐंशी किलोमीटरला पोचलो आणि आरशात होडी डावीकडे दिसली. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, जरा जास्त. कारचं ढुंगण कुणीतरी दोन्ही हातांनी धरून हलवतंय असं वाटायला लागलं. नशिबाने मला ब्रेक मारायचं सुचलंच नाही, भीतीने फक्त पाय उचलला गेला. तेच बरोबर होतं. अशा वेळी ब्रेक मारला तर कार थांबते, ट्रेलर थांबत नाही, आणि तो कारला बगल देऊन पुढे यायला बघतो. स्टिअरिंग उलटसुलट फिरवलं तर डोलण्याला आणखी झोका मिळतो. वेग आपोआप उतरू द्यायचा, चाक सरळ धरायचं, बस. साठवर आल्यावर होडी जणू काही झालंच नव्हतं अशी मागोमाग येऊ लागली.

बाजूला थांबलो. वाटी गोळ्यावरून काढली आणि दांडी एका हाताने उचलली. दांडी हलकी. अगदी हलकी. आणि मला तात्यांचा आवाज आला: “उलार केलीस की रे गाडी!”

ऊस भरताना हा शब्द दिवसातून दहादा ऐकू यायचा. गाडीत आसाच्या मागे भार जास्त झाला की मागची बाजू खाली बसते आणि धुरा वर उठते. गाडी उलार होते. जू बैलांच्या मानेवरून वर जातं, शिवळा गळ्याशी येतात, आणि फारच झालं तर बैलांचे पुढचे पाय अधांतरी लोंबकळतात. कारखान्याच्या रस्त्यावर हे दृश्य ज्याने एकदा पाहिलं तो विसरत नाही. उलट पुढे फार भार झाला तर बैलांच्या मानेवर ओझं येतं आणि खांदे सोलवटतात. तात्या ऊस रचताना मधूनमधून जू उचलून बघत. मानेवर थोडं ओझं हवं, फार नको. किती, हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं.

तेच ‘किती’ इथे आकड्यात सांगतात. लहान होडीच्या ट्रेलरसाठी, ट्रेलर आणि होडी मिळून जे वजन होईल त्याचा शेकडा पाच ते दहा भाग गोळ्यावर यायला हवा. तो मोजायला न्हाणीघरातला वजनकाटा पुरतो. जमीन सपाट घ्या, काट्यावर लाकडाचा ठोकळा ठेवा आणि गोळ्याच्या उंचीवर येईल असं करून वाटी त्यावर टेकवा. माझा एकूण भार होता २३० किलो: ट्रेलर ११०, होडी ७५, मोटर २५, आणि २० किलो टाकी, नांगर, डबे. काटा दाखवत होता ८.

गणित तराजूचं आहे. गोळ्यापासून आसापर्यंतचं अंतर माझ्याकडे २.८ मीटर होतं. सगळ्या वजनाचा मध्य आसाच्या जेवढा पुढे, त्याला २३० ने गुणून २.८ ने भागलं की गोळ्यावरचा भार येतो. आठ किलो म्हणजे मध्य जेमतेम १० सेंटिमीटर पुढे. बर्फाची पेटी आणखी जड असती किंवा कुणी होडीत मागे एक पिंप ठेवलं असतं, तर मध्य आसाच्या मागे गेला असता आणि दांडीने गोळा वर ढकलायला सुरुवात केली असती. घरी येऊन आसाचे यू-बोल्ट सोडवले आणि आस २० सेंटिमीटर मागे सरकवला. आता गोळ्यापासून आस ३ मीटरवर, मध्य आसाच्या ३० सेंटिमीटर पुढे: २३० गुणिले ०.३ भागिले ३, बरोबर २३ किलो. शेकडा दहा. पुढच्या रविवारी त्याच रस्त्यावर त्याच वेगाने होडी मुकाट मागे आली.

बैलगाडी उलार झाली तर बैल लोंबकळतात. ट्रेलर उलार झाला तर डोलतो. हा फरक वेगामुळे. ट्रेलर गोळ्याभोवती आडवा फिरू शकतो, दरवाजा बिजागरीवर फिरतो तसा. वाऱ्याच्या झोताने, शेजारून जाणाऱ्या ट्रकने तो थोडा तिरका होतो आणि टायर त्याला परत रेषेत आणतात. भार पुढे असेल तर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा लहान होत जातो. मागे असेल तर एका ठरावीक वेगापर्यंत हेच चालतं, पण तो वेग ओलांडला की टायरची ओढ आणि मागच्या वजनाचा झोका यांचा ताल बिघडतो आणि प्रत्येक हेलकावा मोठा होतो. म्हणून गावातल्या रस्त्यांवर काही कळत नाही. घरात चालण्याचा पट्टा असेल तर खेळण्यातल्या गाडीला छोटा ट्रेलर जोडून, ती गाडी पट्ट्यावर धरून बघा. ट्रेलरमध्ये पुढे दोन नट ठेवून बोटाने टिचकी मारा, तो शांत होईल. तेच नट मागे ठेवून मारा. नातवंडांना हा प्रयोग फार आवडतो, शेवटी सगळं उलटंपालटं होतं म्हणून.

गोळ्याचीही एक गंमत आहे, वाईट अर्थाने. अमेरिकेत लहान ट्रेलरसाठी गोळे दोन मापांचे असतात: एक दोन इंची, दुसरा त्याहून इंचाच्या अष्टमांशाने बारीक. युरोपात सरळ ५० मिलिमीटर. दोन इंची वाटी बारीक गोळ्यावर छान बसते, कुलूपही लागतं, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात उडून बाहेर येते. माप वाटीवर आणि गोळ्यावर, दोन्हीवर कोरलेलं असतं. चष्मा लावून वाचा. दांडीखालून कारला जाणाऱ्या दोन साखळ्या एकमेकींवरून फुली करून अडकवतात ते याचसाठी: वाटी निघालीच तर दांडी रस्त्यावर रुतण्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत पडते.

इतकं झाल्यावर मी निश्चिंत झालो होतो. पण ट्रेलर बैलगाडीहून एका बाबतीत वेगळा आहे: तो मुद्दाम पाण्यात बुडवतात. वजनाचं दुखणं पहिल्याच दिवशी आरशात दिसतं. पाण्याचं दिसत नाही. ते तुंब्यात शिरतं आणि दोन वर्षांनी हमरस्त्यावर चाक सोडून जातं.

तुंब्याच्या आत दोन बेअरिंगं असतात, एक आतल्या बाजूला मोठं, एक बाहेरच्या बाजूला लहान. त्यातले रोळे सरळ दंडगोल नसून एका टोकाला निमुळते असतात. निमुळते का, याचं उत्तर घोडागाड्यांत आहे. सेंट लुईस शहरात गाड्या बनवणारे हेन्री टिमकेन यांनी अशा बेअरिंगचं पेटंट १८९८ साली मिळवलं. जड मालाची गाडी वळते तेव्हा चाकावर वरचा भार तर असतोच, शिवाय बाजूने रेटा येतो. सरळ रोळ्यांना तो बाजूचा रेटा सोसत नाही, निमुळते दोन्ही सोसतात. सव्वाशे वर्षांपूर्वी घोड्यांच्या गाडीसाठी निघालेली ही युक्ती माझ्या होडीच्या गाड्यात जशीच्या तशी बसलेली आहे, हे कळल्यावर मला त्या ग्रीसने बरबटलेल्या कड्यांबद्दल आदर वाटायला लागला.

ते बसवताना घाई नको. ग्रीस बोटाने वरवर फासून चालत नाही. तळहातावर लिंबाएवढा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात पुन्हा पुन्हा दाबायची, रोळ्यांच्या फटींतून दुसऱ्या बाजूला ग्रीस बाहेर येईपर्यंत. मग तुंबा आसावर चढवून नट आवळायचा, आवळताना चाक हाताने फिरवत राहायचं, म्हणजे रोळे आपापल्या जागी बसतात. चाक जड फिरायला लागलं की नट मागे सोडायचा, पुन्हा नुसत्या बोटांनी टेकेपर्यंत लावायचा आणि खीळ घालून टोकं वाकवायची. इथे जोर दाखवणारा माणूस हरतो. करकचून आवळलेलं बेअरिंग पन्नास मैलांत तापून जळतं.

आता हिशेब करा. माझ्या ट्रेलरची चाकं आठ इंची, टायर धरून व्यास सुमारे ४१ सेंटिमीटर. एका फेऱ्यात ते १.३ मीटर जातं. ताशी ९० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १,५०० मीटर, म्हणजे मिनिटाला साडेअकराशे फेरे. कारचं चाक तेवढ्याच वेगाला साडेसातशेच्या आत फिरतं. लहान चाक जास्त पळतं, जास्त तापतं. (हवेचंही तसंच. माझ्या टायरवर ६० पीएसआय लिहिलंय, कारच्या जवळजवळ दुप्पट. कारइतकीच हवा भरून निघालेल्यांचे टायर वाटेत फुटतात आणि दोष टायरला जातो.)

वीस मैलांनी तुंबा चांगला गरम असतो, समजा ६० अंश. तलावाकाठी पोचतो आणि तो सरळ १२ अंशांच्या पाण्यात बुडवतो. आतली हवा आक्रसते, शेकडा चौदा भागांनी. गरम मुरांबा बरणीत भरून झाकण लावलं की थंड झाल्यावर झाकण उघडत नाही, तसाच प्रकार. आत पोकळी होते आणि ती भरायला बाहेर काय आहे? तळ्याचं पाणी. मागच्या रबरी सीलच्या ओठाखालून ते आत ओढलं जातं, ग्रीसमध्ये घुसळलं जातं, ग्रीस ताकासारखं पांढुरकं होतं. हिवाळाभर ट्रेलर उभा राहतो आणि रोळ्यांवर तांबेरा चढतो.

यावर एक उपाय म्हणजे तुंब्याच्या तोंडावर बसणारी स्प्रिंगवाली टोपी. तिच्यात ग्रीस भरून ठेवलं की स्प्रिंग ते सतत हलकेच आत दाबत राहते. हवा आक्रसली तरी पाण्याऐवजी ग्रीस पुढे सरकतं. फार भरलं तर मात्र सीलच उचकटतं. दुसरा, फुकटचा उपाय: काठावर पोचल्यावर पंधरावीस मिनिटं थांबायचं. तुंबा हाताला कोमट लागला की मगच पाण्यात. तेवढ्या वेळात चहा होतो.

इंग्रजांनी तिसरा मार्ग काढला, आणि मला तो सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. तिथे १९६३ साली ‘मिरर’ नावाची एक छोटी शिडाची होडी निघाली. टीव्हीवर घरदुरुस्तीचे कार्यक्रम करणारे बॅरी बकनेल आणि होड्यांचे आरेखक जॅक होल्ट यांनी ती तयार केली, ‘डेली मिरर’ या वर्तमानपत्राने तिचा पुरस्कार केला, आणि प्लायवूडचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवून लोकांनी ती घराघरांत बांधली. ७०,००० हून अधिक झाल्या. शिडाच्या लहान होड्यांसाठी तिथे दुहेरी गाडा चालतो. होडी बसते हलक्या ट्रॉलीवर, आणि होडीसकट ट्रॉली चढते रस्त्याच्या ट्रेलरवर. काठावर आलं की नुसती ट्रॉली खाली ओढून पाण्यात न्यायची. तिच्या चाकांना अशी बेअरिंगंच नसतात. ट्रेलर कोरडा राहतो. मुंबई-पुण्याच्या सेलिंग क्लबांत होडी पाण्यापर्यंत नेतात ती अशाच हातट्रॉलीवर. तिथे होडी क्लबातच मुक्कामाला असते, म्हणून ट्रेलरची गरजच पडत नाही. माझ्या होडीला मोटर असल्यामुळे दोन माणसांनी ट्रॉली ओढणं जमलं नाही. नाहीतर मी तेच केलं असतं.

सांगाडा मात्र पाण्यात गेला तरी चिंता नाही, तो जस्त चढवलेला असेल तर. रंगवलेला आणि जस्ताचा, अशा दोन प्रकारांत संच मिळतात, आणि खाऱ्या पाण्याजवळ राहणाऱ्याने रंगवलेल्याकडे बघूही नये. जस्त साधारण ४५० अंशांवर वितळवून त्यात अख्खं लोखंड बुडवतात. फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल यांनी या पद्धतीचं पेटंट १८३७ मध्ये घेतलं. त्याचा गुण समजायला घरातल्या दोन वस्तू पुरतात. तेलाच्या डब्यावर कथिलाचा पातळ थर असतो. तिथे ओरखडा पडला की नेमका तिथून डबा गंजतो, कारण कथील नुसतं पांघरूण आहे. उलट ते उघड्या लोखंडाला गंजायला पुढे करतं. छपराच्या पत्र्यावर जस्त असतं. त्यावर ओरखडा पडला तरी शेजारचं जस्त आधी झिजतं आणि लोखंड वाचतं. ट्रेलरवर दगड उडतच असतात, ओरखडे पडणारच. लोखंडासाठी स्वतः झिजणारा थर हवा. फक्त एक करावं: जोडताना जास्तीची भोकं पाडू नयेत. पाडलंच, तर कड जस्ताच्या रंगाने भरावी.

दिव्यांबद्दल थोडक्यात, कारण तो विषय निघाला की माझी चिडचिड होते. कारमधून ट्रेलरला चार तारा येतात. पिवळी डाव्या दिव्याला, हिरवी उजव्या दिव्याला, तपकिरी मागच्या लाल दिव्यांना, पांढरी अर्थिंगला. ट्रेलरच्या दिव्यांची दहापैकी नऊ दुखणी त्या पांढऱ्या तारेची असतात. ती सांगाड्याला नीट टेकली नाही की डावा इशारा दिला असता दोन्ही दिवे मिणमिणतात, ब्रेक दाबला की सगळंच विझतं, आणि माणूस घरात भूत शिरल्यासारखा प्रत्येक तार तपासत बसतो. जस्त खरवडून चकचकीत धातूवर वॉशर लावा, वर ग्रीस फासा. बल्बचे दिवे असतील तर पाण्यात जाण्याआधी तारांचा जोड सोडा. गरम काच थंड पाण्यात तडकते. मी सीलबंद एलईडी घेतले आणि माझं रक्तदाबाचं औषध कमी झालं. नोंदणी तर सोपीच निघाली. संचासोबत कारखान्याचं उगमपत्र येतं, ते दाखवलं. मिशिगनमध्ये ट्रेलरची नंबरपाटी एकदा पैसे भरले की कायमची असते.

तलावाच्या काठी काँक्रीटचा उतार असतो. मागे बघत ट्रेलर त्यावरून खाली न्यायचा. बैल मागे सरत नाहीत, त्यामुळे तात्यांना हा प्रसंग कधी आला नाही. युक्ती इतकीच की हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवायचा. ट्रेलरचं ढुंगण ज्या बाजूला हवं त्या बाजूला हात न्यायचा. आणि थोडाच न्यायचा. लहान ट्रेलर लांबापेक्षा जास्त खोडसाळ, तो पापणी लवायच्या आत घडी होतो. रिकाम्या पार्किंगमध्ये दोन रविवार सराव करावा, नाहीतर उताराशी रांगेत उभी असलेली माणसं तुमच्याकडे मोठ्या आस्थेने बघतात.

आणि बूच. होडीच्या तळाला मागे एक भोक असतं, आत साचलेलं पाणी काढायला. त्याचं बूच रस्त्यावरून जाताना काढलेलं असलंच पाहिजे, असा मिशिगनमध्ये २०१९ पासून कायदा आहे. कारण बोटाच्या पेराएवढे पट्टेरी शिंपले. काळ्या आणि कॅस्पियन समुद्राच्या भागातले हे झेब्रा शिंपले जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून इकडे आले आणि १९८८ मध्ये डेट्रॉइटशेजारच्या सेंट क्लेअर सरोवरात सापडले. पाण्याचे नळ बुजवतात, तळ्यातलं सूक्ष्म खाद्य गाळून फस्त करतात, बाकीच्या जलचरांना उपाशी ठेवतात. जहाजं मोठ्या सरोवरांपुरती जातात. तिथून आतल्या शेकडो तळ्यांत हे पोचले ते मुख्यतः ट्रेलरवरून: होडीच्या पोटात उरलेल्या तांब्याभर पाण्यातून, आसाला गुंडाळलेल्या पाणवेलीतून. त्यांचा क्वागा नावाचा भाऊबंद २००७ साली नेवाडा आणि ॲरिझोनाच्या सीमेवरच्या लेक मीडमध्ये सापडला. मधे वाळवंट आणि डोंगर. तेवढा प्रवास शिंपल्याने आपल्या पायांनी केला नव्हता. म्हणून पाण्यातून बाहेर आलं की उतारापासून बाजूला थांबून वेली उपटायच्या, बूच काढायचं, पाणी निथळू द्यायचं आणि दुसऱ्या तळ्यावर जाण्याआधी सगळं कडक वाळवायचं.

कायद्याने बूच काढायला लावलं, पण परत लावायची आठवण कायदा करत नाही. तिसऱ्या फेरीला, होडी काठापासून वीस हातांवर असताना, बायकोच्या चपला तरंगायला लागल्या तेव्हा मला ते आठवलं. तेव्हापासून बूच कारच्या किल्लीच्या कड्याला बांधलेलं असतं. पाण्यात ढकलण्याआधी किल्ली हातात येते, बूच दिसतं.

तुम्ही हा गाडा जोडलात आणि पहिल्यांदा रस्त्यावर काढलात, तर साधारण ८० किलोमीटरवर बाजूला थांबा आणि चाकांचे नट पान्याने पुन्हा आवळून बघा. नवी चाकं तेवढ्यात तुंब्यावर बसकण मारतात. माझे आठपैकी तीन पाव फेरा फिरले.